कोंबड्यावरचा खटला

फार फार वर्षांपूर्वी, सूर्य म्हणे जिथे सगळ्यांच्या आधी उगवतो, त्या समुद्रात एक बेट होतं. इतिहासात शोधू नका, सापडायचं नाही. इतिहासातल्या जपानने बहुतेक परक्या जहाजांना दार लावून घेतलं आणि दोनशे वर्षांनी ते तोफांच्या धाकाने उघडलं. आपल्या गोष्टीतल्या बेटाने तिसरंच काहीतरी केलं, आणि तेही एका कोंबड्यापायी.

या बेटावर एका सरदाराचं राज्य होतं. तिथे सरदाराला दाइम्यो म्हणत. दाइम्यो तरुण होता, मनाने चांगला होता, पण नवी वस्तू दिसली की त्याला धीर म्हणून निघत नसे.

बेटावर वेळ सांगायचं काम एका म्हातारीकडे होतं. ती टेकडीवर राहायची, सोबतीला एकच कोंबडा. रोज पहाटे कोंबडा आरवला की ती अंगणात येऊन तळहात समोर धरायची. हातावरच्या रेषा दिसू लागल्या की दिवस सुरू. मग ती घंटा वाजवायची, आणि पुढे सूर्य पाहून दर प्रहराला. उजाडल्यापासून मावळेपर्यंत दिवसाचे सहा प्रहर. त्यामुळे उन्हाळ्यात प्रहर लांबलचक, हिवाळ्यात आखूड. कुणाची काही तक्रार नव्हती.

एका शरदात डांबर फासलेलं काळं जहाज बंदराला लागलं. त्याच्या कप्तानाने दाइम्योला घड्याळ भेट दिलं आणि बदल्यात बंदरावर थोडी जागा मागितली.

घड्याळाची टिकटिक ऐकून दाइम्यो हरखून गेला. त्याने त्याच दिवशी दवंडी पिटवली, "उद्यापासून घंटा बंद! घड्याळात सहा वाजले की उठायचं, सहा वाजले की काम थांबवायचं."

तेव्हा दिवस आणि रात्र सारखेच होते. पहिले काही दिवस फरक कुणाला कळलाच नाही. मग थंडी आली, दिवस आखडले, पण घड्याळ काही आखडेना. सहा वाजायचे आणि बाहेर मिट्ट काळोख. कोळी चुकून एकमेकांच्या होड्या घेऊन जाऊ लागले. एका घरी सुनेने सासऱ्याच्या चहात भाताची पेज ओतली. दोन तलवारबहाद्दर तर अंधारात एका खांबाला बराच वेळ वाकून नमस्कार करत राहिले, आणि खांब उलट नमस्कार करत नाही म्हणून रागावले.

कोंबडा मात्र उजाडतानाच आरवत होता. घड्याळापेक्षा तासभर उशिरा!

दाइम्योने त्याला दरबारात उभं केलं. "काय रे, माझा हुकूम मोडून रोज उशिरा का आरवतोस?"

"महाराज, मी अगदी वेळेवर आरवतो," कोंबडा मान ताठ करून म्हणाला. "उशीर सूर्य करतो. त्याला पकडून आणा, मी साक्ष देईन."

दरबार हसला. दाइम्यो लाल झाला. "सात दिवसांची मुदत देतो. आठव्या पहाटे घड्याळाबरोबर आरवलास तर ठीक, नाहीतर तुझा रस्सा!"

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. कोंबडं कापून तांबडं लवकर फुटेल, हे मात्र त्या दाइम्योलाच सुचावं!

म्हातारा सेनापती तलवारीवर हात ठेवून उठला. "महाराज, दोष त्या यंत्राचा आहे. ते समुद्रात बुडवा, जहाज जाळा आणि बंदर कायमचं बंद करा."

दरबारातले निम्मे लोक "बरोबर!" म्हणून ओरडले. कप्तानाचा चेहरा उतरला. तेवढ्यात म्हातारी पुढे आली. तिचे डोळे भरून आले होते. त्या कोंबड्याशिवाय तिला जगात दुसरं कुणी नव्हतं.

"महाराज, घड्याळ बुडवू नका," ती म्हणाली.

सगळे चकित झाले. कोंबडा तर जास्तच.

"ढग दाटले की मला सूर्य दिसत नाही," म्हातारी म्हणाली. "मग मी अंदाजाने घंटा वाजवते आणि पुष्कळदा चुकते. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, लाज वाटायची. मला हे यंत्र हवंय. फक्त त्याला आपला दिवस शिकवायला हवा."

"यंत्र कुठे शिकतं का, आजी?" कप्तान म्हणाला.

"तलवार शिकते," बेटावरचा लोहार मागून बोलला. "बघू तरी."

दाइम्योने म्हातारीला आणि लोहाराला तेच सात दिवस दिले. लोहाराने घड्याळ उघडलं. आत एक आडवी पट्टी झुलत होती आणि तिच्या टोकांना छोटी वजनं होती. वजनं बाहेर सरकवली की घड्याळ संथ चाले, आत घेतली की घाई करी.

"मग झालं तर!" म्हातारीने टाळी वाजवली. "थंडीत दिवसा आत, रात्री बाहेर. उन्हाळ्यात उलट. रोज सकाळ-संध्याकाळ मी सरकवीन."

तीन दिवस घड्याळ भलत्याच वेळी वाजलं. चौथ्या दिवशी कप्तानाला राहवेना. तोही बाह्या सरसावून बसला.

आठव्या पहाटे सगळं बेट टेकडीवर जमलं. अंधारात प्रत्येकाने आपला तळहात समोर धरला होता. कुणापुढे कधी हात न पसरलेल्या दाइम्योनेही धरला. हळूहळू एकेक रेष दिसू लागली, आणि त्याच क्षणी घड्याळाचे ठोके पडले.

पण कोंबडा गप्प!

म्हातारीच्या काळजाचा ठोका चुकला. "अरे, आरव ना बाळा!"

"एवढी माणसं टक लावून बघतायत," कोंबडा पुटपुटला. "लाज वाटते."

दाइम्यो खो खो हसला आणि त्याने स्वतःच पाठ फिरवली. त्याचं बघून सगळ्या बेटाने पाठ फिरवली. मग कोंबडा असा आरवला की पार जहाजावरचे खलाशी दचकून जागे झाले. लोक नाचू लागले. लोहाराने कप्तानाला मिठी मारली. म्हातारीने कितीतरी दिवसांनी घंटा वाजवली, आणि आनंदाच्या भरात एक ठोका जास्त दिला.

बेटाने बंदर बंद केलं नाही आणि सताड उघडंही टाकलं नाही. कप्तानाला वखार मिळाली, किल्ला मिळाला नाही. जाताना त्याने लोहाराकडून तसंच एक घड्याळ मागून नेलं. जहाजातून येणारी प्रत्येक नवी वस्तू आधी वर्षभर म्हातारीच्या अंगणात राहायची, बेटाच्या दिवसाशी जमलं तरच गावात यायची. तोफांचं नाही जमलं. कोंबडा म्हणाला, त्या फार मोठ्याने आरवतात.

तात्पर्य: परक्याचं घड्याळ खुशाल घ्यावं, पण ते आपल्या सूर्यावर लावून घ्यावं.