मार्तंडरावांचा वर राहिलेला हात

एका गावात खेळण्यातली विमाने उडवणारी मोठी माणसे राहत होती. हसू नका. असे विमान बांधायला वर्ष लागते आणि मोडायला एक क्षण पुरतो.

त्या गावात इंदुमतीबाई पाटणे नावाच्या चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि मार्तंडराव मेस्त्री नावाचे सुतार होते. विमानांच्या कामात दोघेही पट्टीचे. दर वर्षी गावाबाहेरच्या माळावर स्पर्धा भरे. विजेत्याची ढाल एक तर बाईंकडे जाई, नाही तर मार्तंडरावांकडे. दोघांत वैर नव्हते, पण चुरस अशी की गावात दोन तट पडत.

स्पर्धेचा एक जुना नियम होता. विमानाच्या पोटात रिसीव्हर नावाची छोटी डबी असते. आपल्या हातातल्या रिमोटचा हुकूम ती ऐकते आणि विमान वळवते. तिला लांबून नीट ऐकू येते की नाही, हे उडवण्याआधी पाहावे लागे. त्यासाठी मालकाने हुकूम मुद्दाम क्षीण व्हावा म्हणून रिमोटची एरियल मिटवून चाळीस पावले लांब चालत जायचे. दुसऱ्या कोणी तरी इंजिन चालू असलेले विमान धरून ठेवायचे. हुकूम नसताना विमानाच्या शेपटीचे सुकाणू हलले, तर धरणाऱ्याने हात वर करायचा. मग तो स्वतः पंचांना 'हात खाली' असे सांगेपर्यंत विमान उडायचे नाही. विमान कोणी धरायचे, ते चिठ्ठी काढून ठरे.

त्या वर्षी बाईंनी लाल पंखांचे देखणे विमान आणले होते. वर्षभर खपून बांधलेले. ते पाहायला शाळेची मुले बांधावर रांगेने बसली होती. चिठ्ठी निघाली ती नेमकी मार्तंडरावांच्या नावाची. लोक गालातल्या गालात हसले.

बाई पावले मोजत चालू लागल्या. छत्तिसाव्या पावलाला सुकाणू किंचित फडफडले. एकदाच. मार्तंडरावांशिवाय ते कोणालाच दिसले नाही.

गप्प बसणे किती सोपे होते! विमान पडले असते तर लोकांनी नशिबाला बोल लावला असता आणि ढाल आपसूक मार्तंडरावांच्या घरी आली असती. हात वर केला तर लोक काय म्हणतील, हेही त्यांना पुरते ठाऊक होते. तरी त्यांनी हात वर केला.

पुन्हा चाचणी झाली. चाळीस पावले पुरी झाली, पण सुकाणू ढिम्म हलले नाही. मग काय, लोकांना आयतेच सापडले.

"ढालीसाठी माणूस काय काय करतो बघा!" बांधावरून कोणी तरी ओरडले.

बाईही चिडल्या. "मार्तंडराव, शोभतं का हे तुम्हाला? हात खाली घ्या."

"बाई, विमान तुमचं आहे, खुशाल रागवा. पण मी पाहिलं ते पाहिलं. आपण होऊन गेलेला बिघाड आपण होऊन परतही येतो."

मार्तंडरावांनी विमान मांडीवर घेतले आणि त्याची बॅटरी बदलली. फक्त बॅटरी. "एका वेळी एकच वस्तू बदलायची," ते म्हणाले, "दोन बदलल्या तर चोर कोणता ते कळत नाही."

तेवढ्यात पंचांनी त्यांचेच नाव पुकारले. त्यांची उडवण्याची पाळी आली होती.

"माझं इथलं काम व्हायचंय," मार्तंडराव म्हणाले.

"मग तुमची पाळी जाईल हो."

"जाऊ द्या."

पंचांनी त्यांच्या नावावर रेघ मारली. ढालीसाठी खोटे बोलणारा माणूस ढाल अशी सोडून देत नाही, हे मुलांनाही कळत होते.

बाई पुन्हा चालू लागल्या, पण आता तणतणत नव्हे. एकतिसाव्या पावलाला सुकाणू फडफडले, आणि या वेळी ते सगळ्यांनी पाहिले. म्हणजे दोष बॅटरीचा नव्हता. मग मार्तंडरावांनी सुकाणू हलवणारी मोटर बदलली. तरी फडफड कायमच होती. आता उरली होती रिसीव्हरची डबी आणि तिच्यातून निघालेली एरियलची तार. मार्तंडरावांनी डोळे मिटले आणि ती तार जपमाळ ओढावी तशी हळूहळू बोटांतून सरकवली. एका जागी ती उगाच लुळी लागली. वरचे वेष्टण धड होते, पण आतले तांबे तुटले होते. इंजिनाच्या थरथरीने तुटकी टोके कधी जुळत, कधी सुटत. ती जागा नेमकी तिथे होती, जिथे तार लाकडी फळीच्या भोकातून बाहेर येत होती.

बाई जवळ येऊन पाहत राहिल्या. मग सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ते भोक मीच पाडलंय. त्यात रबरी कडी बसवायची राहून गेली आणि तार घासत राहिली. चूक माझी, आणि राग काढला तुमच्यावर."

मार्तंडरावांनी तेवढ्याच लांबीची नवी तार जोडली, कडी बसवली. बाई चाळीस पावले चालून गेल्या. सुकाणू हलले नाही. तेव्हा कुठे मार्तंडरावांनी पंचांना 'हात खाली' असे सांगितले.

लाल विमान सुरेख उडाले. मुलांनी टाळ्या पिटल्या. ढाल बाईंना मिळाली आणि मार्तंडराव आपले न उडालेले विमान काखेत मारून घरी गेले. धन्य तो माणूस!

पुढच्या वर्षी स्पर्धा भरली. पंचांनी चिठ्ठ्यांचा डबा बाईंपुढे धरला. बाईंनी तो बाजूला सारला.

"मग विमान धरणार कोण?" पंचांनी विचारले.

बाई म्हणाल्या, "मागच्या वर्षी ज्यांनी ते अडवलं होतं, ते."

तात्पर्य: 'होऊ दे' म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण जो आपल्या भल्यासाठी वाईटपणा पत्करून 'थांब' म्हणतो, त्याच्या हाती आपली मोलाची वस्तू निर्धास्त द्यावी.