बिनडोळ्यांची सभा

"डोळे उघडू की नको, बुवा? एवढंच सांगा."

हैबती चितारी सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होता. बुवांच्या शेजारी बसून मी ऐकत होतो. चितारी चित्रातल्या माणसांचे डोळे सगळ्यात शेवटी काढतात. त्याला ते डोळे उघडणं म्हणतात.

समोरच्या कापडावर निरंजनबुवांची सभा होती. देवळाची दारं बंद झाली, तेव्हा बुवांनी उघड्या माळावर सगळ्या जातींना एका ओळीत बसवून एकाच घागरीचं पाणी पाजलं होतं. माणसं हुबेहूब उतरली होती. डोळे तेवढे नव्हते.

"उद्या पंच चित्र बघायला येतायत. डोळे उघडले की माणूस ओळखू येतो. एकेकाला वाळीत टाकतील, बुवा!"

"चित्रातली मंडळी काय म्हणतात?"

"मंडळींचं काय घेऊन बसलात! भागाक्का म्हणते, माझं नाक एवढं बसकं नाही. गोंदबा लोहाराला पागोटं नवं हवंय. अडाणी माणसं. त्यांना भीती कळत नाही, म्हणून मलाच घोर..."

हैबती रंगाची वाटी उगाच ढवळत राहिला. गावाची काळजी वाहणारा इतका घाबरलेला मी तरी पाहिला नव्हता.

"मी सभेला होते, हे भागाक्का पाणवठ्यावर स्वतःच सांगते," बुवा म्हणाले.

"तरीपण..."

"तूही होतास की. माझ्या अगदी समोर."

"...आहे की मी."

त्यानं बोट दाखवलं. कोपऱ्यात, चिंचेच्या बुंध्याला लागून, एक पाठमोरा माणूस बसला होता.

बुवा वाकून बघत राहिले.

"चित्रात कुणीतरी पाठमोरं लागतंच, बुवा. रचनेला बरं दिसतं."

बुवांची नजर त्या पाठीवरच होती.

"माझ्या शेवंताची सोयरीक ठरलीय," हैबती एकदम म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "पंचांच्याच घरात. मोडली तर पोरीला तोंड कसं दाखवू?"



मग बुवांनी त्याच्या कानावर खोचलेला बारीक कुंचला काढला आणि त्याच्या हातात दिला. त्या पाठमोऱ्या माणसाच्या पाठीवर त्यांनी बोट टेकवलं. रंग अजून ओला होता.

"आधी ह्याला वळव."