कोशखान्याचं दार

सकाळी अंबू कोशखान्यात शिरली आणि दचकली. बसायचं बाक जागेवर नव्हतं!

तशी ती पाल चुकचुकली तरी दचकायची. पण बाक गेलं म्हणजे लोकांनी बसायचं कुठं? करंजगडच्या राजवाड्यातल्या त्या खोलीत नुसते जाडजूड कोश होते. झाडापाल्यांचा, रोगांचा, नद्यांचा, नाण्यांचा. ते घरी न्यायचे नाहीत, तिथंच बसून बघायचे, ही जुनी रीत. अंबूचा बाप ते शिवून बांधायचा आणि अंबू येणाऱ्याला हवं ते पान काढून द्यायची.

ती दाराबाहेर आली, तर तिथं गवंडी चुना कालवत बसलेले.

"काय बांधताय, दादा?"

"दार चिणायचंय. महाराजांचा हुकूम!"

तेवढ्यात रणधवल महाराज स्वतःच आले. नाव रणधवल, रण मात्र त्यांनी तसबिरीतच पाहिलेलं. कोश त्यांनी तेवढेही पाहिले नव्हते.

"काल पाहुण्या राजांनी आमचा कोश उघडला," महाराज गरजले, "आणि पानावर काय दिसावं? अंगठा! हळदीचा अंगठा! मान खाली गेली आमची!"

"कुणी बाई लेप बघायला आली असेल, महाराज."

"बघायला? ग्रंथ काय बघायला असतात?"

"मग कशाला असतात?"

"असायला!" महाराज म्हणाले, आणि आपण फार मोठं बोललो अशा थाटात त्यांनी मिशीला पीळ दिला.

एवढ्यात ठकूबाई धनगरीण धापा टाकत आली. हातात कसल्याशा झुडपाची फांदी. "सरकार, माझी मेंढरं त्वांड सुजून पडाय लागल्यात! ह्यो पाला खाल्ला त्यांनी. ताईच्या पुस्तकात ह्येचं चितार आसंल, तेवडं बगू द्या!"

महाराजांनी नाकाला अत्तराचा रुमाल लावला. "मेंढरांसाठी आमचा कोश?"

भीती वाटली की अंबूची जीभ सुटायची. ती सुटलीच. "महाराज, तुमची शाल मेंढराची, गालिचा मेंढराचा, काल रात्रीचा रस्साही मेंढराचाच. कोशाचं एक पान तेवढं मेंढराला जड झालं?"

गवंड्यांनी माना खाली घातल्या. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

"फार बोलतेस!" महाराज लाल झाले. "ऐक तर मग! एकही कोश खोलीबाहेर जायचा नाही. एकही माणूस खोलीत बसायचा नाही. आणि तरी या बाईला पुस्तकातनंच उत्तर मिळालं पाहिजे! जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर तू आणि तुझा बाप संस्थानाच्या हद्दीबाहेर! आणि दार चिणायचं ते चिणायचंच. तुझ्याच देखरेखीखाली. दुपारी येऊन बघतो."

"सरकार, दगड कुठला घ्यायचा?" गवंड्यानं विचारलं.

"वाड्यातलाच जुना बघा कुठला तरी! दार बंद करायला का नवा दगड विकत आणू?" असं म्हणून महाराज न्याहारीला गेले. विचार करून थकले होते बिचारे.

ठकूबाई उंबऱ्यावर मटकन बसली. अंबू विचारात पडली. आधी चितार शोधू की दार वाचवू? तिनं छताकडं पाहिलं, मग खांबांकडं, मग बाजाराकडच्या भिंतीकडं. त्या भिंतीला फडताळ नव्हतं, खिळासुद्धा नव्हता.

"दादा, ही भिंत काढली तर छत खाली येईल?"

"छत? ते सागाच्या खांबांवर उभंय. आपल्याकडं भिंत नुसती खांबांमधला खण भरायला असती."

"मग दगड तिचेच घ्या!"

गवंड्यानं पहार उचलली.

दुपारी महाराज आले. दार छान चिणलेलं! सांधासुद्धा दिसत नव्हता. महाराज खूष. "शाब्बास!" ते गवंड्याला म्हणाले. "आणि आता उत्तर? कुठाय ती पोरगी?"

चिणलेल्या दारापलीकडून ठकूबाईचा आवाज आला, "घावलं! चितार घावलं, ताई!"

महाराजांची मिशी थरथरली. देवडीतून, बाजारातून, जोडा सावरत ते पलीकडच्या अंगाला पोचले. बघतात तर काय, भिंतच नाही! कोश सगळे आपापल्या फडताळात, वारा खात. मधोमध ठकूबाई मांडी घालून बसलेली, मांडीवर महाराजांचा झाडापाल्यांचा कोश, आणि शेजारी अंबू तिला त्यातला उपाय वाचून दाखवतेय. रस्त्यावर सारा बाजार गोळा झालेला.

"माणूस खोलीत! धरा हिला!"

अंबू दचकली. पण बोलली. "कुठल्या खोलीत, महाराज? एक बाजू सताड उघडी असली की तिला ओसरी म्हणतात. आणि ओसरीवर वाटसरूनं टेकायला करंजगडात कधी कुणाचा हुकूम लागलाय?"

"मग कोश खोलीबाहेर आले की नाही?"

"कोश तसूभर हलले नाहीत. बाहेर गेली ती खोली! आणि तिला मी नाही घालवलं. जुना दगड घ्या, हे तुम्हीच सांगितलंत. तुमच्या दाराला तोच बसवलाय."

महाराजांनी ओरडायला तोंड उघडलं, आणि त्यातून हसू फुटलं ते थांबेचना! पागोटं घसरलं, डोळ्यांतून पाणी आलं. "दार आम्हीच बंद केलं, आणि भिंतही आम्हीच पाडली! घे!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात घातलं. ते कोपरापर्यंत गेलं. "माग, काय मागतेस?"

"ही ओसरी अशीच राहू दे, महाराज."

"राहील! आणि तिची कारभारीण तू!"

ठकूबाईला तेवढं ऐकायलाही सवड नव्हती. "सावलीत ठेवायची, उन्हाला न्यायची न्हाईत!" असं घोकत ती माळाकडं पळत सुटली होती.

अंबूनं रस्त्याकडं पाहून हाक दिली, "या! कुणाला काय बघायचंय?"

कुणी हललं नाही. 'हात लावू नका' हेच ऐकत मोठी झालेली माणसं ती. त्यांचे हात पाठीमागं गेले.

"या ना!" अंबू म्हणाली. "कुणालाच काही विचारायचं नाही?"

मग तिच्या कानाशी कुणीतरी हळूच खाकरलं. महाराजांनी पागोटं सरळ केलं, इकडं तिकडं पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"पोरी, घोरण्यावर काही आहे का गं त्यात? राणीसाहेब आम्हाला दालनात येऊ देत नाहीत."