साळूचे काटे

पूर्वी एका रानात पिल्लांची शाळा भरत असे. एका वर्षी विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडणुकीला मुंगूस आणि अंगभर काटे असलेली साळू अशी दोघं उभी होती. साळूचं पारडं जड होतं.

प्रचारात मुंगसाचा मित्र माकड म्हणाला, "साळू रागावली की काटे फेकते, असं पसरवतो."

"पण ती फेकत नाही."

"तू फक्त गप्प राहा."

मुंगूस गप्प राहिलं. सशाने "खरं का रे?" असं विचारलं, तेव्हाही ते नुसतं हसलं. मग ते भरघोस मतांनी निवडून आलं.

काही दिवसांनी शाळेवर बिबट्या आला. त्याच्याकडे पाठ करून साळूने काटे फुलवले आणि ती पिल्लांना म्हणाली, "माझ्या आडोशाला या!"

"नको, काटे मारशील!" ससा रडू लागला. एकही पिल्लू हललं नाही.

मुंगूस धावत जाऊन साळूला बिलगलं. "या रे, ती काटे फेकत नाही!"

तेव्हा कुठे पिल्लं आडोशाला शिरली. बिबट्या काट्यांसमोर गुरगुरला आणि निघून गेला.

सशाने डोळे पुसून मुंगसाला विचारलं, "तुला आधीपासून माहीत होतं?"

साळूही त्याच्याकडेच बघत होती.