खालून पाहणारा परीक्षक

फार पूर्वी प्राणीही बागांच्या स्पर्धा भरवत, तेव्हाची ही गोष्ट. परीक्षक दोघे होते, मोर आणि गांडूळ.

सशाची फुलांनी लगडलेली बाग पाहताच मोर म्हणाला, "पहिला नंबर हाच!"

"वरून तुम्ही पाहिलंत, आता खालून मी पाहीन," गांडूळ म्हणालं.

"अहो, ऊन चढलंय. वाळून मराल!"

"मेलो तरी चालेल, पण न पाहता नंबर देणार नाही."

ते सशाच्या वाफ्यात शिरलं आणि लगेच परतलं. "फुललेल्या कुंड्या आणून नुसत्या पुरल्यात. मुळं मातीला शिवलेलीसुद्धा नाहीत."

मग ते तापलेल्या वाटेवरून सरपटत खारीच्या साध्याशा अबोलीखाली गेलं. संध्याकाळ झाली तरी वर येईना.

"अहो, निकाल तरी सांगा!" मोर ओरडला.

खालून आवाज आला, "सांगितला की! मी आता इथंच राहणार."