मार्सूचं वाटण

वसईकडच्या एका हिरव्यागार गावात, केळीच्या बागेपलीकडच्या कौलारू घरात मार्सू नावाची चिमुरडी राहायची. खरं नाव मार्सेलीन, पण एवढ्याशा पोरीला एवढं लांबलचक नाव घेऊन कोण हाक मारणार?

मार्सूचे बाबा गेल्या महिन्यात तापानं गेले. तेव्हापासून आई बोलतच नव्हती. भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहायची. चूल पेटेना, संध्याकाळी क्रूसापुढे मेणबत्ती लागेना. मार्सू शेजारच्या फिलूमावशीच्या वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडायची. मावशी वाडगाभर पेज द्यायची, त्यातली निम्मी ती आईसाठी जपून आणायची. आई दोन घोट घ्यायची नि पुन्हा भिंतीकडे वळायची. बाबा गेले, आता आईपण अशीच हळूहळू जाते की काय, अशी मार्सूला सारखी भीती वाटायची. पण रडायची नाही हं! आईला आणखी त्रास नको म्हणून सगळं रडू गिळून टाकायची.

एका दुपारी वाडीतल्या फणसाखालून बारीकसा आवाज आला, "अगं ए, मला सोडव ना गं!"

मार्सूनं वाकून पाहिलं. अगं बाई! बोटाएवढी परी! गुलाबी झगा, मोरपिशी पंख, केसांत लुकलुकणाऱ्या इवल्या चांदण्या. आणि पंख मात्र फणसाच्या चिकात गच्च अडकलेले!

"फणसाजवळ कशाला गेलीस?"

"वास आला ना!" परी लाजून म्हणाली.

फणसाचा चीक कशानं जातो, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. खोबरेल तेलानं! मावशीनं सकाळीच मार्सूच्या वेण्यांना चापूनचोपून तेल लावलं होतं. मार्सूनं वेणीचं तेलकट टोक धरलं आणि हळूहळू, अगदी जपून, दोन्ही पंख पुसले. चीक सुटला, पण जाऊन बसला मार्सूच्याच केसांत.

"असू दे. केस काय, कापले तरी परत येतात," मार्सू म्हणाली.

परी तिच्या तळहातावर येऊन बसली. "काय हवं ते माग, सोनुले. पण एकच. आणि गेलेलं माणूस परत मागायचं नाही. ते माझ्या पंखांचं काम नव्हे, ते प्रभू येशूचं. तो स्वतः कबरीतून उठला ना? तुझ्या बाबांनाही एक दिवस उठवील. तोवर ते त्याच्याजवळ आहेत."

मार्सू म्हणाली, "मग माझ्या आईचं दुःख हलकं होऊ दे."

परीनं तिला मोहरीएवढा एक सोनेरी दाणा दिला, चमचम चमचम करणारा. "हा घेऊन घरी जा. मनात जे वाटतं, ते वाट. पण ऐक, एकटीला जमायचं नाही हं!"

"वाटायचं? बरं!" म्हणत मार्सू धावत सुटलीसुद्धा.

आता परीला म्हणायचं होतं, की मनातलं दुःख आईला सांग, दोघी मिळून वाटून घ्या. पण आमच्या मार्सूबाईंनी काय केलं? सरळ पाटा-वरवंटा ओढला! ओल्या खोबऱ्याचा तुकडा, दोन मिरच्या, मधोमध तो सोनेरी दाणा, आणि बसल्या की घरर्र घरर्र वाटायला! वरवंटा चांगलाच जड. खोबरं इकडे उडालं, मिरची तिकडे उडाली, दाणा मात्र जसाच्या तसा. तेवढ्यात तिखटाचा हात डोळ्याला लागला, आणि इतके दिवस गिळलेलं सगळं रडू भसकन बाहेर आलं.

भिंतीकडचं तोंड वळलं. कितीतरी दिवसांनी आई बोलली. "अगं, बोट चेचेल! काय वाटतेयस एवढं?"

"वाईट वाटतंय!" मार्सू हुंदके देत म्हणाली. "मला खूप वाईट वाटतंय, आई! बाबांची आठवण येते. तूपण जाशील अशी भीती वाटते. परी म्हणाली, वाटतं ते वाट. पण मला एकटीला जमतच नाही गं!"

आई उठली. पाट्याशी येऊन बसली आणि लेकीला मांडीवर ओढून तिच्या चिकट केसांवर ओठ टेकले. "मलाही वाटतं गं, बाळा. तुझ्यासमोर रडायचं नाही, म्हणून मी भिंतीकडे बघत होते."

दोघी पोटभर रडल्या. मग आईनं त्या इवल्या हातांवर आपले हात ठेवले आणि दोघींनी मिळून वरवंटा ओढला.

दाणा फुटला! सोनेरी, गुलाबी, आकाशी उजेड पाट्यावरून उसळला नि थेट कौलांपर्यंत गेला. उजेडात परी गिरक्या घेत होती. "मी सांगितलं एक, तू केलंस भलतंच! पण जमलं की गं, वेडाबाई!" ती खुदकन हसली आणि त्या झगमगाटात दिसेनाशी झाली.

त्या संध्याकाळी चूल पेटली, आमटीला फोडणी बसली, आणि आईनं क्रूसापुढे मेणबत्ती लावली. दोघी गुडघे टेकून हात जोडून बसल्या.

"देवा, आम्हा तिघांना सांभाळ," आई म्हणाली.

मार्सूनं एक डोळा उघडला. "तिघांना?"

"हो. तू, मी, आणि येशूजवळ बसलेले तुझे बाबा. आहोतच ना आपण तिघं?"

"आहोत," मार्सू म्हणाली, आणि तिनं तो डोळा पुन्हा घट्ट मिटून घेतला.