करंजाचा पाहुणा

झाडांना रुसता येऊ लागलं, त्या काळची गोष्ट. मागच्या खेपेला कुणी रस्त्यावरच्या करंजाची फांदी नुसती वरून कापली आणि ती पडताना खोडाची साल ओरबाडून गेली. म्हणून यंदा नगरपालिकेचा शिरपत करवत घेऊन चढताच करंज आपल्या वाळक्या फांदीला म्हणाला, "पड याच्या डोक्यात!"

पण शिरपतने विजेच्या तारांत शिरलेल्या फांदीला आधी खालून काप दिला, मग वरून. फांदी अलगद सुटली, साल शाबूत राहिली.

"थांब जरा," करंज वाळक्या फांदीला पुटपुटला.

समोरच्या घरातली बाई ओरडली, "झाडांचे वैरी मेले!" शिरपतने पाणी मागितलं, तर तिने दार लावून घेतलं.

तो करंजाखालीच भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसला. वारा सुटला. वाळकी फांदी करकरली, "आता पडू?"

"घट्ट धर गं," करंज म्हणाला. "आपल्याकडे पाहुणा जेवतोय."